राळेचा खडा

डबल बास हातात आला तेव्हा मी व्हायलिनचीच राळ गजाला लावली. गज ओढला, तर सुराऐवजी नुसती खरखर. ज्यांचं वाद्य मी शिकायला आणलं होतं ते गोवेकर अंकल हसले. म्हणाले, "अरे बाबा, ही बारीक तारेची राळ. जाड तारेला चिकट लागते."

राळेला युरोपात कोलोफनी म्हणतात. हे नाव आजच्या तुर्कस्तानातल्या कोलोफोन या प्राचीन ग्रीक शहरावरून पडलं. पाइनच्या खोडातून गळणारा चीक तापवला की टर्पेंटाइन वाफेवाटे निघून जातं. मागे उरते ती राळ. आपले सारंगिये गजाला लावतात तीही राळच. तिच्याशिवाय घोड्याचे केस तारेवरून नुसते घसरतात. राळ तारेला धरते, ताण वाढला की तार सुटते, पुन्हा धरली जाते. बासच्या सर्वांत खालच्या तारेवर हे सेकंदाला सुमारे ४१ वेळा घडतं. एवढी जड तार हलवायची तर पकड घट्ट हवी, म्हणून बासची राळ मुद्दाम मऊ करतात. मऊ म्हणजे उष्णतेला भिणारी, आणि खरी अडचण तिथेच आहे.

बासचा मोठा वादक जोव्हान्नी बोत्तेसीनी याने १८७१ साली कैरोत व्हेर्दीच्या 'आयदा'चा पहिला प्रयोग संचालित केला. तो डिसेंबर होता. मे असता तर बासवाल्यांच्या डब्यांत काय झालं असतं, असं मला उगीच वाटतं, कारण आमच्या मुंबईतल्या कार्यक्रमात ते झालं. मे महिना, पंखे बंद, आणि माझा खडा डबीत वितळून कागदासकट एक झालेला. गजाच्या केसांना गोळे लागले. संथ भागातला लांबलचक सूर मी बोटाने छेडून वेळ मारून नेली. शेजारच्या चेलोवाल्याने नुसतं पाहिलं.

तेव्हापासून दोन खडे ठेवतो. एप्रिलपासून पावसाळा संपेपर्यंत घट्ट, थंडीत मऊ. गज खड्यावर मागेपुढे घासत नाही. मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेने, दोनतीनदा. त्याहून जास्त लावली तर सूर खरखरतो. आणि स्वस्त पडतो म्हणून जुना खडा घेत नाही. मऊ राळ पडून राहिली की सुकते, मग ती केसांना धरतच नाही.