पूर्वजांचा न्याय

परमेश्वर न्यायी आहे, असें बहुतेक सर्व धर्म सांगतात. परंतु तो न्याय कोणत्या रीतीनें होतो, याविषयीं मात्र त्यांचें एकमत नाहीं. कर्मसिद्धांतांत फेड एका जन्मीं झाली नाहीं, तर पुढील जन्म आहेतच. ख्रिस्ती श्रद्धेंत जन्म एकच, आणि त्याच्या शेवटीं न्यायासन. पापाला दंड अटळ. तो दंड ख्रिस्तानें क्रूसावर स्वतः भोगला. त्याच्यावर जो विश्वास ठेवील तो तरेल, अशी ही विचारसरणी आहे. पण ज्याच्या कानीं ख्रिस्ताचें नांवच कधीं आलें नाहीं, त्याची वाट काय? या प्रश्नानें एके काळीं अमेरिकेंतील धर्ममंडळें हादरलीं, आणि त्या वादाचा एक धागा आपल्या नगर जिल्ह्यांतून गेला होता.

अमेरिकन मिशनचे पाद्री १८१३ सालीं मुंबईस आले, आणि १८३१ सालीं अहमदनगर येथें त्यांचें ठाणें पडलें. नगरहून सोलापूरच्या रस्त्यानें कर्जत तालुक्यांतील मिरजगावाकडे जावें, तों सारा मुलूख अवर्षणाचा. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खनचीं खेडीं होरपळून निघालीं. अशा वेळीं ‘हा देवाचा कोप’ हे शब्द सहज तोंडीं येतात. येशूनें मात्र असा हिशेब मान्य केला नाहीं. बुरूज कोसळून अठरा माणसें मेलीं, तीं इतरांहून अधिक पापी होतीं काय, या शंकेला त्यानें नकारच दिला; आणि पश्चात्तापाचा इशारा मेलेल्यांना नव्हे, तर ऐकणाऱ्यांना दिला.

त्या दुष्काळाच्या काळीं नगरास रेव्हरंड रॉबर्ट ॲलन ह्यूम हे पाद्री होते. त्यांचा जन्म १८४७ सालीं मुंबईंतच झाला. अमेरिकेंत येल व अँडोव्हर येथें शिकून ते १८७४ सालीं या देशीं परतले, आणि १८७८ सालीं त्यांनीं नगरास धर्मशिक्षणाची शाळा काढली. जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांत महार व मांग समाजांतील कुटुंबें पुष्कळ होतीं. एका भक्ताच्या पुण्याईनें बेचाळीस पिढ्या उद्धरतात, ही मराठी मनाची जुनी समजूत. त्या मनाला आतां असें सांगावयाचें कीं, तूं तरलास, पण तुझे आईबाप व आजेपणजे शाश्वत नरकांत गेले! ज्या सुवार्तेनें माणूस एकटाच तरतो, तिला सुवार्ता कसें म्हणावें?

अँडोव्हरच्या कांहीं प्राध्यापकांनीं अशी कल्पना मांडली होती कीं, ज्यांना या जन्मीं ख्रिस्ताची ओळख झाली नाहीं, त्यांना मरणानंतर ती संधि मिळणें ईश्वरी न्यायाला शोभेल. १८८६ सालीं पांच प्राध्यापकांवर मतभ्रष्टतेचे आरोप ठेवण्यांत आले. त्याच वर्षीं रजेवर असलेल्या ह्यूमसाहेबांनीं अँडोव्हर येथें भाषण करून या आशेची बाजू घेतली. मिशनच्या चालकांनीं त्यांचें परत जाणें रोखून धरलें, आणि मंडळाच्या वार्षिक सभेंत या मतावर कडाक्याची चर्चा झाली.

विरोधकांचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. मरणानंतरही संधि असेल, तर समुद्र ओलांडून उपदेश करण्याची निकड ती काय राहिली? आणि या जन्मांतील निवडीला तरी गांभीर्य कसलें? परंतु ज्या न्यायाधीशाचें नांव पिता असें आहे, त्यानें न ऐकलेल्या आज्ञेबद्दल शिक्षा द्यावी, ही गोष्ट दयेला तर नव्हेच, साध्या न्यायबुद्धीलाही पटणारी नव्हती.

अखेर १८८७ सालीं ह्यूम यांना परतण्याची मोकळीक मिळाली, आणि ते पुन्हां नगरच्या कामांत रमले. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले कवि नारायण वामन टिळक यांचेंही पुढील आयुष्य बरेंचसें नगरास गेलें. संतांचा वारसा टाकून न देतां त्याच वाटेनें ख्रिस्ताकडे येतां येतें, अशी टिळकांची धारणा होती. म्हणजे पूर्वजांना दोषी ठरविल्याशिवाय नव्या श्रद्धेचा स्वीकार होऊं शकतो, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यानें दाखविली.

या वादाचा निकाल कोणत्याही सभेला देतां येण्याजोगा नव्हता. परंतु एवढें त्यांतून स्पष्ट झालें: दंड किती व कोणाला, याचें गणित मांडण्यापूर्वीं दंड देणाऱ्याचा स्वभाव काय, हें ठरवावें लागतें. देवाला न्यायी म्हणतांना आपण त्याच्या पदरीं कोणता न्याय बांधतों, यावरून आपलीही परीक्षा होत असते.