कोणतं 'गीतरामायण' खरं?

जुन्या अल्बमची नवी आवृत्ती निघाली की चाहते भांडतात: मूळ ऐकायचं की नवं? आपल्याकडे हा वाद 'गीतरामायणा'वर घालून बघा. १ एप्रिल १९५५पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक, अशी ५६ गाणी झाली. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली. आवाज मात्र अनेक: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक. (मला तेच जास्त आवडतं.) पुढे एचएमव्हीच्या तबकड्यांवर सगळी गाणी एकट्या बाबूजींनी गायली आणि घरोघरी तीच रुजली. तेव्हा १९५५च्या श्रोत्यांवर लिहिणार असाल तर तबकडी पुरावा म्हणून चालायची नाही. त्यांनी ती ऐकलेलीच नव्हती! पुढच्या पिढीच्या आठवणींवर लिहिताय? मग तीच मुख्य साधन. प्रबंधात गायक आणि ध्वनिमुद्रणाचं वर्ष लिहाच. गाईड पहिलं तेच विचारतात.