कादराबादकरांचं टेशन

जालन्याचे दोन भाग आहेत, जुना जालना आणि नवा जालना. मधून कुंडलिका जाते. नव्या जालन्यातलं कादराबाद आज एका वस्तीचं नाव म्हणून उरलं आहे, पण एकेकाळी ते नदीकाठचं स्वतंत्र गाव होतं. धान्याचे अडते, कापसाचे व्यापारी, सराफ अशा सगळ्यांची ती भरलेली पेठ होती. आमचे आबा तिथलेच. परगावी कुणी विचारलं, "गाव कोणतं आपलं?" तर ते "कादराबाद" सांगत. समोरच्याला उमगलं नाही, तरच पुढे जोडत, "म्हणजे जालना टेशनापल्याडचं." स्टेशन नदीच्या त्या अंगाला, जुन्या जालन्याच्या बाजूला झालं. पाटीवर नाव आलं ते जालन्याचं, आणि दोनतीन पिढ्यांत पेठेचं नाव मागे पडत गेलं.

आबा म्हणायचे, "गठाणी आमच्या, नाव त्यांचं." त्यांच्या या बोलण्यात राग नसे, पण खंत असे. ती खंत मला पटते. नदीच्या कोणत्या काठाला फलाट बांधायचा, हे कुणीतरी नकाशावर रेघ ओढून ठरवलं, आणि कादराबाद टपालाच्या शिक्क्यावरून, तिकिटावरून आणि पुढे पोरांच्या तोंडूनही गेलं.

ही रेघ हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची. मनमाड ते सिकंदराबाद ३९१ मैलांचा, मीटरगेजचा मार्ग. विसावं शतक उजाडता उजाडता त्यावर गाड्या सुरू झाल्या. बांधणारी कंपनी निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे, म्हणजे भांडवलावरच्या व्याजाची हमी निजाम सरकारची. १९३० साली सरकारने ती रेल्वे स्वतःच्याच ताब्यात घेतली. आबांच्या वडिलांच्या लहानपणी लाईन पडत होती. त्याच सुमारास, १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. आमच्या शेजारची मारवाडी मंडळी त्याला 'छप्पनिया' म्हणत, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ चालू होतं. खेड्यांतली माणसं पोटासाठी भरावावर माती टाकायला आली, असं पणजोबा सांगत. आबांनी ते ऐकलेलं, मी आबांकडून.

गाडी आली आणि गोरे गेले, हे आमच्या घरातलं ठरलेलं वाक्य. जालन्याला १८२७ पासून इंग्रजी फौजेची छावणी होती आणि ती १९०३ मध्ये मोडली. आगगाडीमुळे छावणी गेली असं नव्हे, पण जुन्या माणसांच्या आठवणीत या दोन गोष्टी एकाच वर्षाच्या होऊन बसल्या होत्या.

खुद्द जालना या नावाचीही कथा आहे. गाव रामाच्या काळापासूनचं, तेव्हाचं नाव जनकपूर, सीतामाईचा इथे वास होता, असं म्हणतात. पुढे गावावर उपकार करणारा एक श्रीमंत मुसलमान व्यापारी झाला, धंद्याने जुलाहा, म्हणजे विणकर. त्याच्या इच्छेवरून जालना हे नाव पडलं. पुरावा मागितला तर दोन्ही गोष्टींचा मिळणार नाही. पण एकच माणूस या दोन्ही गोष्टी एका बैठकीत तेवढ्याच श्रद्धेने सांगत असे आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही त्यात अडचण वाटत नसे. आमची थोरली आत्या तर सीतामाईची गोष्ट संपवून लगेच विणकराची सुरू करायची.

आबांच्या गोष्टी मात्र मनमाडच्या. जालन्याहून पावणेदोनशे किलोमीटरवर आपली लहान गाडी संपायची आणि मोठी सुरू व्हायची. एक मीटर रुंदीच्या रुळावरचा डबा मुंबईच्या साडेपाच फुटी रुळावर जाणार कसा? म्हणून जालन्याच्या जिनांमधली प्रत्येक गठाण मनमाडला उतरायची आणि हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत चढायची. आबा तरुणपणी एका अडत्याकडे मुनीम होते, मालाबरोबर जायचे. हमालाने हूक खुपसला की तागाच्या गुंडाळीतून कापसाचा पुंजका बाहेर यायचा, तो बोटाने आत दाबत आबा गठाणी मोजायचे. पाऊस आला तर ताडपत्री गठाणींवर आणि आबा उघड्यावर. "गठाण भिजली तर वजन वाढतं, अन् भाव पडतो," ते सांगायचे.

त्यात निजामाचं राज्य वेगळं. इथे निजामाचा हाली सिक्का, तिकडे इंग्रजांचा कलदार. हाली रुपयाला कलदारापेक्षा किंमत कमी, त्यामुळे निघण्याआधी सराफाकडे बट्टा देऊन रुपये बदलायचे. येताना करोडगिरीवाले, म्हणजे निजामाचे जकातवाले, सामान उलगडून बघायचे. लग्नाचा शालू आणला तरी त्यावर जकात. आत्याच्या लग्नातला शालू आजीने नेसूनच आणला होता. ही गोष्ट आजी म्हातारपणीही दबक्या आवाजात सांगायची.

१९४७-४८ साली मनमाडला निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता. स्टेशनवर कोण उतरतो, कोण चढतो यावर तेव्हा नजर असे, आणि आबांचं मालाबरोबर जाणं थांबलं. १५ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजेतल्या गुरख्यांची एक तुकडी जालन्यात आली. १७ तारखेला निजाम शरण आला. १९५१ मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत गेली, १९६६ पासून दक्षिण मध्य रेल्वेत आहे. १९७२ च्या दुष्काळात याच फलाटावर मिलो ज्वारीची पोती उतरली. ती तांबडी भाकर घशाखाली उतरत नव्हती, पण त्या वर्षी तिनेच जगवलं.

१९९० च्या दशकात ब्रॉडगेज झालं आणि मनमाडची ती हमाली संपली. ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईची वंदे भारत निघाली. तेव्हा आबा नव्हते. आता अमृत भारत योजनेत स्टेशनची नवी इमारत उभी राहते आहे. त्या इमारतीत एक भिंत या गोष्टींसाठी ठेवावी आणि तिच्यावर कादराबाद हे नाव ठळक अक्षरांत लिहावं, असं मला मनापासून वाटतं. ज्या पेठेच्या मालावर इथलं स्टेशन वाढलं, तिचं नाव स्टेशनात कुठेतरी असायलाच हवं.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली. भोकरदनवरून, अजिंठ्याकडून तो जाणार. ज्या तालुक्यांनी आजवर रूळ पाहिला नाही, तिथे आता स्टेशनं होतील. आत्याचं सासर भोकरदन तालुक्यातलं. वय नव्वदीच्या घरात, कानांनी कमी ऐकू येतं. मी मोठ्याने बातमी वाचून दाखवली. तिने आधी भाच्याची, नातवंडांची चौकशी केली, मग म्हणाली, "टेशन गावाच्या कोणत्या अंगाला करणार, ते लिहिलंय का त्यात?"