दाताचा वैद्य आणि सरकारी वही

जत्रेत सतरंजी टाकून चिमट्याने दात उपटणारा इसम आपल्या वाडवडिलांनी पाहिलेला. त्याला परवाना विचारणार कोण? २९ मार्च १९४८ ला दंतवैद्यांचा कायदा झाला, तेव्हा कोल्हापूर संस्थानच होते. ते १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झाले. कायद्याने नोंदवही घातली: ‘अ’ भागात पदवीधर, ‘ब’ भागात पदवीवाचून वर्षानुवर्षे याच धंद्यावर पोट भरणारे. हे शहाणपणच म्हणायचे. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय १९३३ चे. पदवीधर मूठभर, तेही शहरात. जुन्यांना एका फटक्यात उठवले असते, तर खेड्यातली ठणकती दाढ घेऊन जायचे कुठे? पण तंबाखू भाजून मिसरी लावणाऱ्या आयाबहिणींच्या हिरड्या कुठल्या वहीत? गुरुजी, वर्गात दात तपासाल तेव्हा एवढे विचाराच: घरी मिसरी कोण कोण लावते?