छोट्या इंजिनाला वळण लावताना : नेरळ–माथेरान मार्गाचा शतकभराचा धडा

१/
कर्जत तालुक्यातील नेरळ स्थानक समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटर उंचीवर आहे आणि त्याच तालुक्यातील माथेरान सुमारे ८०० मीटरवर. या दोहोंना जोडणारा लोहमार्ग जेमतेम २० किलोमीटरचा. त्यावर धावणाऱ्या छोट्या इंजिनापुढे तीन अडचणी कायम उभ्या असतात : वळण, चढ आणि उतार. शंभराहून अधिक वर्षे या तिन्हींवर कोणते उपाय होत गेले, त्याचा हा धांडोळा.

२/
घाटाशी झुंज या परिसराला नवी नव्हती. १८५६ साली रेल्वे आजच्या खालापूर तालुक्यातील खोपोलीपर्यंत पोहोचली आणि बोरघाटाच्या पायथ्याशी थांबली. पुढचा प्रवास पालखीने, तट्टूवरून किंवा पायी करावा लागे. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग खुला झाला. तेथील सर्वांत कठीण चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर गाडी एक फूट वर चढते. या चढासाठी कर्जतला गाडीमागे जादा इंजिने जोडावी लागत.

३/
माथेरानचा चढ याहून अवघड : काही ठिकाणी २० ला १. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हे ठिकाण ब्रिटिशांच्या नजरेस आणले. तेथवर रेल्वे नेली ती अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी. भांडवल त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांचे होते आणि खर्च सुमारे १६ लाख रुपये आला. काम १९०४ मध्ये सुरू झाले व मार्च १९०७ मध्ये गाडी धावू लागली. सल्लागार अभियंता होते बार्शी लाइट रेल्वेचे जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप. रुळांमधले अंतर ठेवले अवघे दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर.

४/
पहिली अडचण वळणाची. रेल्वेची दोन चाके एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे ती एकाच गतीने फिरतात. वळणावर मात्र बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. गाडी अर्धवर्तुळ फिरून उलट दिशेला तोंड करते, तेव्हा या मार्गावर हा फरक सुमारे १.९ मीटर भरतो. वळण मोठे असो वा लहान, फरक तेवढाच राहतो. मोठ्या वळणावर चाकांचा निमुळता आकार तो सावरून घेतो. आखूड वळणावर चाकाला रुळावर घासत जावे लागते. कर्कश किंचाळी ऐकू येते ती याच घर्षणाची. चाकाची कड आणि रूळ, दोन्ही त्यात झिजतात.

५/
कॅलथ्रॉप यांनी यावर उपाय इंजिनातच केला. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्यात या मार्गासाठी सहा चाकांची चार वाफेची इंजिने बनली. त्यांत क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस होते. भरीव आस आत, त्याभोवती पोकळ आस आणि मध्ये गोलाकार सांधा, अशी ती रचना. बाहेरचा आस चाकांसह थोडा तिरपा होऊ शके, थोडा बाजूलाही सरके. ताठ इंजिन रुळाशी भांडते. हे इंजिन रुळाप्रमाणे वाकत असे. १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत या इंजिनांनी सेवा दिली.

६/
१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीच्याच आर्नोल्ड युंग कारखान्याची डिझेल इंजिने आली. त्यांचा वर्ग एनडीएम-१. ‘एन’ म्हणजे दोन फुटी गेज, ‘डी’ म्हणजे डिझेल आणि ‘एम’ म्हणजे प्रवासी व माल अशा दोन्ही कामांचे. येथे वळणाचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. चाके दोन स्वतंत्र बोग्यांमध्ये विभागली गेली. प्रत्येक बोगीत दोनच आस असल्याने ती आपापल्या जागी वळते. तत्त्व जुनेच राहिले : आखूड वळणावर लांब व ताठ काहीही ठेवू नये.

७/
दुसरी अडचण चढाची. २० ला १ चढावर गाडीच्या प्रत्येक टनामागे ५० किलो ओढ केवळ वर चढण्यासाठी खर्च होते. इंजिनाची ताकद कितीही वाढवली तरी चाकाची रुळावरची पकड सुटली की चाक जागच्या जागी फिरते. कोरड्या रुळावर साधारण वजनाच्या पाव हिश्शाएवढी पकड मिळते. दवाने, पावसाने वा पाल्याने ती झपाट्याने घटते. म्हणून रुळावर वाळू सोडावी लागते, म्हणून डबे मोजके ठेवावे लागतात. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा घाटातील भाग बंद राहतो. त्यामागे दरडींबरोबर रुळाच्या ओलाव्याचाही विचार असतो.

८/
तिसरी अडचण उताराची, आणि तीच सर्वांत धोक्याची. चढताना इंजिन हरले तर गाडी थांबते. उतरताना हरले तर ती धावत सुटते. या मार्गावर शंभर वर्षांहून अधिक काळ डब्यांचे ब्रेक हातांनी लावले जात. डब्यांच्या जोडावर ब्रेकमन उभे राहत आणि चालकाच्या शिट्टीचा इशारा ऐकून चाक फिरवून ब्रेक आवळत. संपूर्ण गाडीची सुरक्षितता त्यांच्या कानांवर आणि मनगटांवर अवलंबून असे.

९/
मे २०१६ मध्ये थोड्याच दिवसांच्या अंतराने गाडी दोनदा रुळांवरून घसरली आणि सेवा थांबवण्यात आली. माथेरानसाठी हा मोठा फटका होता. तेथे मोटारींना बंदी आहे, वाहने दस्तुरी नाक्यापर्यंतच येतात. पुढचे सुमारे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षातून जावे लागे. गाडी थांबली की वृद्ध, रुग्ण आणि माल, साऱ्यांचीच वाट खडतर होते. मार्ग कायमचा बंद तर होणार नाही ना, अशी धास्ती गावाने घेतली.

१०/
दुरुस्ती केवळ इंजिनापुरती राहिली नाही. डब्यांना हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक बसले, त्यामुळे चालकाला सर्व डब्यांचे ब्रेक एकदम लावता येऊ लागले. दरीच्या बाजूला संरक्षक कठडे उभे राहिले. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमन लॉज–माथेरान फेऱ्या आणि जानेवारी २०१८ मध्ये नेरळपासूनची पूर्ण सेवा परतली.

११/
२०१९ च्या पावसाने मार्ग पुन्हा वाहून नेला. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतरही तो असाच उद्ध्वस्त झाला होता आणि २००७ मध्ये, म्हणजे शताब्दीच्या वर्षी, पुन्हा सुरू झाला होता. या वेळी रूळ व स्लीपर बदलले गेले, पाण्याच्या निचऱ्याची सोय झाली, जाळीत दगड भरून गॅबियन भिंती रचल्या गेल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळहून गाडी पुन्हा निघाली. इंजिने या काळात धडधाकटच होती. आजारी होता तो डोंगर.

१२/
टेबलावर डिझेल इंजिनाची छोटी प्रतिकृती चालवणाऱ्यांना या अडचणी ओळखीच्या वाटतील. तेथे ८७ पट लहान प्रमाण लोकप्रिय आहे. लांबी ८७ पट घटली की घनफळ सुमारे साडेसहा लाख पटींनी घटते. ११२ टनांचे डब्ल्यूडीएम-२ इंजिन या हिशेबाने १७० ग्रॅमच्या आसपास भरेल. इतक्या हलक्या इंजिनाची पकड कमी पडते, म्हणून आत धातूची वजने ठेवतात. शिवाय प्रतिकृतीला वीज बहुधा रुळांतूनच मिळते. चाकावर वा रुळावर धूळ बसली की ती अडखळते, आणि दोष मात्र मोटारीला दिला जातो.

१३/
म्हणून जाणकार इंजिन उघडण्यापूर्वी ठरावीक क्रम पाळतात : आधी रूळ पुसावेत, रुळांचे सांधे तपासावेत, मग चाके स्वच्छ करावीत, दोन चाकांमधले अंतर मोजावे, बोग्या मोकळ्या वळतात का ते पाहावे. मोटार व दातेरी चक्रे सर्वांत शेवटी. पुण्यात भाऊ जोशी यांनी उभारलेल्या आणि १९९८ मध्ये खुल्या झालेल्या लघुरेल्वे संग्रहालयात शेकडो लहान चाके अशा निगेवरच धावतात.

१४/
नेरळचा घाट आणि टेबलावरचा मार्ग यांचा धडा एकच आहे. गाडी अडली की बोट इंजिनाकडे वळते, कारण डोळ्यांपुढे तेच असते. पण चाक व रूळ ही जोडी आहे. त्यांतील एकाचाच विचार करून केलेली दुरुस्ती टिकत नाही. कॅलथ्रॉप यांनी आस वाकवला, युंगच्या इंजिनांनी चाके विभागली, २०१७ ने ब्रेक बदलले आणि २०२२ ने जमीन सावरली. या चारही उपायांत इंजिनाची ताकद वाढवण्याचा उपाय एकही नाही.

(समाप्त)