मॅनहंट व समकालीन गुन्हेकथा-मासिके

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून १९६०च्या दशकापर्यंत अमेरिकेत निघालेली, छोट्या आकाराची गुन्हे व रहस्यकथांची नियतकालिके. ‘मॅनहंट’ (१९५३–६७) हे त्यांतले सर्वांत गाजलेले. बाकीची बहुतेक अल्पायुषी ठरली. काहींना तर पहिला वाढदिवसही पाहता आला नाही.

स्वस्त कागदावरची जुनी पल्प मासिके तोवर मोडीत निघत होती. डॅशिएल हॅमेट आणि रेमंड चँडलर यांना घडवणारे ‘ब्लॅक मास्क’ १९५१ मध्ये थांबले. वाचक पेपरबॅककडे वळला होता, तेव्हा नव्या मासिकांनी आकार पुस्तकासारखा आटोपशीर केला आणि मुखपृष्ठावर एखादे चलतीचे नाव टाकले. ‘एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझीन’ने १९४१ मध्ये हा रस्ता दाखवला होता. तिथे नाव टोपण असले तरी त्यामागचा फ्रेडरिक डॅने स्वतः संपादनाला बसत असे. ते मासिक टिकले. नीरो वुल्फ या गुप्तहेराचा जनक रेक्स स्टाउट याच्या नावाचे मासिक मात्र १९४५ मध्ये सुरू होऊन नऊ अंकांत आटोपले.

‘मॅनहंट’ने जानेवारी १९५३ मध्ये पहिल्याच अंकात हुकमी पत्ता टाकला: मिकी स्पिलेनची चार भागांची क्रमशः कथा. त्याची पुस्तके तेव्हा लाखांनी खपत होती. त्याच अंकात कॉर्नेल वुलरिच आणि पुढे रॉस मॅकडॉनल्ड म्हणून नाव कमावणारा केनेथ मिलर हेही होते. प्रकाशक सेंट जॉन. संपादक म्हणून छापले जाई जॉन मॅक्लाउड, पण अशी व्यक्तीच नव्हती. पडद्याआडून सूत्रे हलवी स्कॉट मेरेडिथ. तो लेखकांचा एजंट, म्हणजे विकणाराही तोच आणि निवडणाराही तोच! व्यवहार म्हणून हे खटकते, पण कथांचा कस पाहता तक्रारीला फारशी जागा उरत नाही.

मेरेडिथच्याच कचेरीत नोकरी केलेला इव्हान हंटर इथे अनेक नावांनी लिही. परवाना गमावलेला, दारूत बुडालेला, न्यूयॉर्कच्या बावरी भागात भटकणारा गुप्तहेर मॅट कॉर्डेल ही त्याची इथली खास निर्मिती. १९५८ मध्ये या कथांचे पुस्तक निघाले, तेव्हा लेखकाचे नाव झाले कर्ट कॅनन आणि कॉर्डेलचेही बारसे पुन्हा होऊन तोही कर्ट कॅननच झाला.

‘मॅनहंट’चा खप पाहून त्याच घरातून भावंडे निघाली. ‘व्हर्डिक्ट’ १९५३ मध्ये चार अंकांनंतर थांबले, ‘मेनेस’ दोन अंकांतच आटोपले. स्टॉलवर जागा मोजकी, न खपलेल्या प्रती प्रकाशकाच्या गळ्यात. त्यात १९५७ मध्ये अमेरिकन न्यूज कंपनी या बलाढ्य वितरकाने वितरणाचे काम गुंडाळले आणि छोट्या मासिकांचे कंबरडे मोडले. ‘मॅनहंट’च्या मागे तर कोर्टकचेरीही लागली. एप्रिल १९५७चा अंक टपालाने पाठवल्याबद्दल न्यू हॅम्पशायरमध्ये अश्लीलतेचा खटला भरला गेला. अपिलात पहिली शिक्षा रद्द झाली. फेरखटल्यातली १९६१ मध्ये कायम झाली. मासिक त्यानंतरही सहा वर्षे रखडत चालले.

दरम्यान हंटरचे एड मॅकबेन हे टोपणनाव पोलीसकथांमुळे घरोघरी पोचले होते. १९६० मध्ये त्या नावाचे ‘एड मॅकबेन्स मिस्टरी बुक’ निघाले. तेही तीन अंकांत बंद पडले.