जखडणें आणि मोकळीक

पनवेलहून पेणकडे जाणारा रस्ता कर्नाळ्याच्या सुळक्याखालून वळणें घेत जातो. अशाच वाटेवर मोटारसायकलची खरी परीक्षा होते. इंजिन सांगाड्याला घट्ट जखडावें, तर थरथर स्वाराच्या मनगटांत उतरते. सैल ठेवावें, तर मागचें चाक पुढच्याची वाट सोडूं पाहतें.

१९५० सालीं नॉर्टन कंपनीनें रेक्स मॅकँडलेस यांचा दुहेरी नळ्यांचा ‘फेदरबेड’ सांगाडा शर्यतींत आणला. वळणावर तो अढळ. परंतु पुढें त्यांत बसविलेल्या ७५० सी.सी.च्या जुळ्या इंजिनाची थरथर जाचक झाली. १९६७ च्या ‘कमांडो’त इंजिन, गिअरपेटी व मागच्या चाकाचा चिमटा हीं एकत्र जोडून रबरावर बसविण्यांत आलीं: वरखालीं मोकळीक, आडवें बंधन. त्या बंधनांतील फट झिजून वाढली, कीं गाडी डुलूं लागे. ती वेळोवेळीं मोजून नीट करणें, हेंच सुखद स्वारीचें मोल होतें.